विश्लेषण : सायकल रस्त्यापुरती, पायवाट परवानगीपुरती… दोघांनी डोंगरातील राष्ट्रीय उद्यानात जायचे तर नियम काय?

दिवाळी संपली, थंडीची चाहूल लागली की सायकली बाहेर निघतात. नांदेड आणि लातूरमध्ये पहाटे रिंगरोडवर सायकल चालवणाऱ्यांची संख्या गेल्या काही वर्षांत डोळ्यांत भरण्याइतकी वाढली आहे. त्यात नवरा-बायको मिळून निघणारेही आहेत. शहराभोवती चाळीस-पन्नास किलोमीटर जमू लागले, की पुढचा विचार मनात येतो : चार-पाच दिवस काढावेत, सायकलने डोंगर गाठावा आणि एखाद्या राष्ट्रीय उद्यानात पायी भटकावे. परदेशातील जोडप्यांचे असे व्हिडीओ मोबाइलवर रोज दिसतात. समजा, सासर नांदेडचे, माहेर लातूरचे असलेल्या अशाच एका जोडप्याने मेळघाटचा बेत आखला, तर त्यांना वाटेत काय आडवे येईल? पायांतील ताकदीपेक्षा कायदा, वन्यप्राणी आणि डोंगराचा उतार या गोष्टी इथे जास्त महत्त्वाच्या ठरतात.

राष्ट्रीय उद्यान म्हणजे नेमके काय? मराठवाड्यात ते आहे का?

बोलताना अभयारण्य, राष्ट्रीय उद्यान आणि व्याघ्र प्रकल्प हे शब्द सरसकट एकाच अर्थाने वापरले जातात. कायद्यात ते वेगळे आहेत. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार अभयारण्यात काही पूर्वापार हक्क, उदाहरणार्थ गुरे चारणे, अटींसह चालू राहू शकतात. राष्ट्रीय उद्यानात मात्र असे हक्क संपुष्टात आणले जातात आणि चराईला बंदी असते. व्याघ्र प्रकल्प ही तिसरी चौकट. त्यात गाभा क्षेत्र आणि त्याभोवतीचे बफर क्षेत्र असे दोन भाग असतात. एकच जंगल एकाच वेळी राष्ट्रीय उद्यानही असू शकते आणि व्याघ्र प्रकल्पाचा गाभाही.

महाराष्ट्रात सहा राष्ट्रीय उद्याने आहेत : ताडोबा, पेंच, नवेगाव, गुगामल, संजय गांधी आणि चांदोली. १९५५ मध्ये घोषित झालेले ताडोबा हे त्यातले पहिले. यातील चार विदर्भात, एक मुंबई-ठाण्यालगत आणि एक सह्याद्रीत आहे. मराठवाड्यात एकही नाही. लातूरची गणना तर राज्यात सर्वांत कमी वनक्षेत्र असलेल्या जिल्ह्यांत होते. त्यामुळे इथल्या जोडप्यासाठी राष्ट्रीय उद्यान म्हणजे मुळात परजिल्ह्यातला प्रवास. त्यातही खरा डोंगराळ मुलूख हवा असेल, तर नांदेडहून सोयीचे पडते ते सातपुड्याच्या गाविलगड रांगेतील गुगामल. ३६१ चौरस किलोमीटरचे हे उद्यान मेळघाट व्याघ्र प्रकल्पाच्या गाभ्यात आहे. १९७३ मध्ये देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, तेव्हा निवडलेल्या पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाट होते.

प्रवेशाबाबत कायदा काय सांगतो?

या अधिनियमाच्या कलम २७ मध्ये अभयारण्यात कोणाला जाता येईल याची यादीच आहे : कामावरील सरकारी कर्मचारी, तेथे राहण्याची परवानगी असलेली व्यक्ती, आत स्थावर मालमत्तेचा हक्क असलेली व्यक्ती, सार्वजनिक महामार्गावरून पार होणारी व्यक्ती आणि काहींचे अवलंबित. बाकी कोणालाही परवाना लागतो. हा परवाना मुख्य वन्यजीव रक्षकांच्या अधिकारात कलम २८ खाली दिला जातो. त्यासाठी मान्य असलेल्या कारणांत पर्यटन, छायाचित्रण आणि अभ्यास यांचा समावेश आहे. कलम ३५ मुळे हीच बंधने राष्ट्रीय उद्यानांनाही लागू होतात. आग पेटवणे, शस्त्र बाळगणे आणि रसायने वा स्फोटके वापरणे यांवरील निर्बंधही तसेच लागू आहेत.

सायकलस्वारांच्या दृष्टीने यादीतील ‘सार्वजनिक महामार्गावरून पार होणारी व्यक्ती’ हे शब्द सर्वांत महत्त्वाचे. जंगलातून जाणारा सार्वजनिक रस्ता असेल, तर त्यावरून जाणे हा गुन्हा नाही. मात्र रस्ता सोडून पायवाटेला लागणे, नाल्यात उतरणे, झाडाखाली तंबू ठोकणे किंवा चहासाठी तीन दगडांची चूल मांडणे, यातले काहीही विनापरवाना चालत नाही. २०२२ च्या दुरुस्तीनंतर या कायद्याच्या सर्वसाधारण उल्लंघनासाठी तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. व्याघ्र प्रकल्पाच्या गाभा क्षेत्रातील गुन्ह्यांसाठी शिक्षा त्याहून कडक आहे.

मग मेळघाटात सायकलने जाता येते की नाही?

जाता येते, पण रस्त्यापुरते. परतवाड्याहून सेमाडोह, हरिसालमार्गे धारणीकडे जाणारा रस्ता मेळघाटातून जातो आणि त्यावर एसटीसह सर्व वाहने धावतात. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाटही सायकलने चढता येतो. चिखलदरा हे वसलेले गाव आहे. तिथे राहण्याची सोय होते, गाविलगड किल्ला आणि दऱ्यांच्या कडा पाहता येतात. गुगामलच्या आत, म्हणजे गाभ्यात, मात्र पर्यटकाला स्वतःच्या सायकलने वा पायी मोकळे फिरता येत नाही. आत जायचे ते वन विभागाच्या परवान्याने, ठरलेल्या प्रवेशद्वारातून, ठरलेल्या वाहनात, मार्गदर्शकासह. बफर क्षेत्रात किंवा किल्ल्यांच्या परिसरात पायी फिरायचे असेल, तर त्या-त्या वनपरिक्षेत्र कार्यालयात आधी विचारावे लागते. मागच्या वर्षी खुली असलेली वाट यंदा बंद असू शकते.

नांदेडकरांचे मेळघाटशी एक जुने नातेही आहे. पूर्णा-अकोला-खांडवा ही मीटरगेज रेल्वे मेळघाटाच्या जंगलातून जात असे. पूर्णा ते अकोला मार्गाचे रुंदीकरण झाले. अकोल्याच्या पुढचा जंगलातील टप्पा मात्र वादात सापडला. वाघांच्या अधिवासातून मोठी गाडी नको, मार्ग व्याघ्र प्रकल्पाबाहेरून वळवावा, असा आग्रह वन्यजीव अभ्यासकांनी धरला आणि अखेर मार्ग बाहेरून नेण्याचा विचार पुढे आला. त्यामुळे आज नांदेडहून अकोल्यापर्यंत रेल्वेने जाता येते. प्रवाशाची सायकल पार्सल कार्यालयात नोंदवून सामानाच्या डब्यातून नेता येते. तिथून पुढे सायकल, असा बेत दोघांसाठी सोयीचा ठरतो. नांदेड ते अकोला हे सुमारे दोनशे किलोमीटर सपाटीवर घालवण्यापेक्षा ताकद घाटासाठी राखता येते.

धूर सोडणाऱ्या जीपला परवानगी आणि सायकलला बंदी, हे कसे?

हा आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो वरवर रास्त वाटतो. सायकल धूर सोडत नाही, आवाज करत नाही. पण जंगलात आवाज न करणे हाच तिचा दोष ठरतो. वर्षानुवर्षे त्याच रस्त्यावरून जाणाऱ्या जीपगाड्या प्राण्यांच्या सवयीच्या होतात. त्या कुठून येतात, कुठे थांबतात, हे त्यांना कळते. दोन पायांवरच्या माणसाची गोष्ट वेगळी. तो जवळ येताच प्राणी एकतर पळतो किंवा अंगावर येतो. सायकलस्वार तर त्याहून वेगात आणि चाहूल न देता समोर येतो.

मेळघाट आणि किनवटच्या जंगलांत हा धोका वाघापेक्षाही अस्वलाकडून अधिक संभवतो. वारुळे उकरण्यात किंवा मोहाची फुले वेचण्यात दंग असलेल्या अस्वलाला माणूस अगदी जवळ येईपर्यंत कळत नाही. दचकल्यावर ते पळण्याऐवजी हल्ला करते. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहाच्या झाडांखाली माणूस आणि अस्वल एकाच वेळी पोहोचतात. अस्वलांच्या अनेक हल्ल्यांचे मूळ तिथेच असते.

सरावलेल्या माणसालाही जंगलात पायी फिरणे किती धोक्याचे आहे, हे ताडोबाने दाखवून दिले. नोव्हेंबर २०२१ मध्ये वाघांच्या खुणांच्या सर्वेक्षणासाठी सहकाऱ्यांसह पायी निघालेल्या एका महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. जंगल ओळखणाऱ्या, गणवेशातील, एकट्या नसलेल्या व्यक्तीवर ही वेळ आली. त्यामुळे पर्यटकांना गाभ्यात पायी सोडण्याबाबत वन विभाग कडक का राहतो, हे समजू शकते.

अर्थात, जीप म्हणजे निर्धोक पर्यटन असेही नाही. गाभा क्षेत्रातील पर्यटनावर सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१२ मध्ये तात्पुरती बंदी घातली होती. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाची मार्गदर्शक तत्त्वे आल्यावर ऑक्टोबर २०१२ मध्ये ती उठली. गाभ्याचा जास्तीत जास्त वीस टक्के भाग पर्यटनासाठी वापरावा, ही मर्यादा त्यातूनच आली. म्हणजे जीपलाही सगळे जंगल मोकळे नाही.

इतर देशांत काय पद्धत आहे?

सायकल आणि पायी भ्रमंतीची सांगड पाहायची तर अमेरिकेच्या मोंटाना राज्यातील ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानाचे उदाहरण बोलके आहे. तिथे ‘गोइंग टू द सन’ नावाचा सुमारे ८० किलोमीटरचा डोंगरी रस्ता आहे. तो लोगन पास या सुमारे २,०२५ मीटर उंचीच्या खिंडीतून जातो. हिवाळ्यात हा रस्ता बर्फाखाली असतो. वसंतात यंत्रांनी बर्फ हटवण्याचे काम सुरू होते, तेव्हा मोटारींना फाटक बंद असते. पण साफ झालेल्या टप्प्यावर पायी चालणारे आणि सायकलस्वार यांना जाऊ दिले जाते. त्या काही आठवड्यांत अनेक जोडपी आणि कुटुंबे मोटारींविना हा घाट चढतात.

त्यालाही अटी आहेत. काम सुरू असलेल्या किंवा हिमकडे कोसळण्याची भीती असलेल्या टप्प्यावर फाटक लागते. उद्यानातील पायवाटांवर सायकल चालत नाही. रस्त्यावर सायकल, पायवाटेवर पाय, ही विभागणी तिथे काटेकोर आहे. उन्हाळ्यात वाहनांची गर्दी वाढली की रस्त्याच्या काही भागांत भर दिवसाच्या तासांत सायकलींना मनाई असते.

या काटेकोरपणाची गरज २०१६ मध्ये एका घटनेने अधोरेखित केली. उद्यानाच्या सीमेबाहेर, लगतच्या वनक्षेत्रातील पायवाटेवर एक अनुभवी माउंटन बाइकस्वार वळणावर थेट ग्रिझली अस्वलावर आदळला आणि अस्वलाच्या हल्ल्यात मरण पावला. चौकशीत वेग आणि वळणापलीकडचे न दिसणे ही कारणे पुढे आली. प्राणी वेगळा, देश वेगळा. पण मेळघाटातील वळणालाही तोच नियम लागू पडतो.

आपल्याकडे सायकल किंवा पायी भटकंतीला मुभा कुठे आहे?

मुंबईतील संजय गांधी राष्ट्रीय उद्यान हे राज्यातील सर्वांत सोपे उदाहरण. सुमारे १०४ चौरस किलोमीटरच्या या डोंगराळ जंगलात बिबट्यांचा वावर आहे. तरीही प्रवेशद्वाराजवळ सायकली भाड्याने मिळतात आणि कान्हेरी लेण्यांकडे जाणाऱ्या रस्त्यावर सायकल चालवता येते. आतल्या पायवाटांवर जायचे तर उद्यानाची परवानगी आणि सोबत माहीतगार लागतो. इथेही सूत्र तेच : रस्त्यावर सायकल, पायवाटेला परवानगी.

२००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान झालेले चांदोली आणि शेजारचे कोयना अभयारण्य मिळून २०१० मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. त्यातील कोयनेच्या बाजूला वासोटा किल्ल्यावर जाता येते. बामणोलीहून होडीने शिवसागर जलाशय ओलांडायचा, वन विभागाकडे नोंद करायची, किल्ला चढायचा आणि त्याच दिवशी परत यायचे. मुक्कामाला परवानगी नाही.

हिमालयातील ‘फुलांची दरी’ हे उत्तराखंडमधील राष्ट्रीय उद्यान तर पूर्णपणे पायी पाहण्याचेच. ते १ जून ते ३१ ऑक्टोबर खुले असते. मुक्काम दरीबाहेर घांघरियाला, सकाळी आत, सायंकाळपूर्वी बाहेर. सायकलने हिमालय चढणारे खाली गोविंदघाट परिसरात सायकल ठेवतात आणि पुढे चालतात. सपाटीवर सायकल हवी असेल, तर राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव उद्यानात ती सर्रास चालते. पण तिथे डोंगर नाही.

नांदेड-लातूरच्या जवळ असा मुलूख आहे का?

राष्ट्रीय उद्यान नाही, पण डोंगर आणि जंगल आहे. नांदेडहून सुमारे सव्वाशे किलोमीटरवर माहूर. रेणुकादेवी, दत्तशिखर आणि अनसूया यांच्या टेकड्या, माहूरचा किल्ला, पांडवलेणी आणि भोवती सागाचे रान. भोकर, हिमायतनगर, इस्लापूर, किनवट, सारखणी या मार्गाने गेले, तर वाटेत पैनगंगेवरील सहस्रकुंडचा धबधबा आणि उनकेश्वरचे गरम पाण्याचे झरे गाठता येतात. नांदेड-आदिलाबाद रेल्वे किनवटवरून जात असल्याने थकल्यास परतीची सोय आहे. नांदेड आणि यवतमाळ जिल्ह्यांत पैनगंगेच्या काठाने पसरलेले पैनगंगा अभयारण्य सुमारे ३२५ चौरस किलोमीटरचे आहे. त्यात पायी जायचे तर वर सांगितलेला परवान्याचा नियम लागू होतो.

लातूरकडून पाहिले तर चाकूर तालुक्यातील वनौषधींसाठी ओळखले जाणारे वडवळ नागनाथचे बेट, उदगीरजवळचे हत्तीबेट, औसा तालुक्यातील खरोसा लेणी ही एका दिवसाच्या सायकल आणि चढाईची ठिकाणे आहेत. पश्चिमेला धाराशिव जिल्ह्यात बालाघाटाच्या कडेला येडशी-रामलिंग घाट अभयारण्य आहे, जेमतेम २२ चौरस किलोमीटरचे.

पण इथेही जंगल रिकामे आहे, असे समजण्याचे दिवस गेले. यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातून २०१९ मध्ये निघालेला कॉलर लावलेला एक तरुण वाघ मराठवाडा आणि तेलंगणाचे मुलूख ओलांडत बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. सुमारे तीन हजार किलोमीटर चाललेल्या या वाघाला ‘वॉकर’ हे नाव पडले. मार्च २०२१ मध्ये टिपेश्वरचाच एक वाघ गौताळा अभयारण्यात दिसला. डिसेंबर २०२४ मध्ये तर लातूरच्या शेजारी, येडशीच्या छोट्याशा जंगलात वाघ कॅमेऱ्यात टिपला गेला. तोही टिपेश्वरकडून आल्याचे समोर आले आणि त्याला पकडण्यासाठी वन विभागाला मोहीम हाती घ्यावी लागली. हे वाघ बहुतांश रात्री चालतात आणि दिवसा नाल्यात, झुडपात, उसात दडतात. ‘वॉकर’च्या एवढ्या मोठ्या प्रवासात माणसे जखमी होण्याचा प्रसंग घडला तोही लोक तो विसावलेल्या झुडपात शिरल्यावर. सायकलस्वारांनी यातून घ्यायचा धडा सरळ आहे : उजेडात रस्त्याने जावे आणि नैसर्गिक विधीसाठीसुद्धा झुडपात खोल शिरू नये.

घाट चढायला किती ताकद लागते?

परतवाडा सुमारे ३७० मीटर उंचीवर, तर चिखलदरा सुमारे १,११८ मीटरवर. म्हणजे साधारण तीस किलोमीटरमध्ये सुमारे ७५० मीटर वर चढायचे. ७० किलोचा माणूस, १५ किलोची सायकल आणि १० किलोचे सामान धरले, तर हे ९५ किलो वजन तेवढे उचलायला शरीराला सुमारे ७०० ते ८०० किलोकॅलरी खर्चाव्या लागतात, कारण स्नायू खाल्लेल्या ऊर्जेपैकी साधारण चौथा-पाचवा हिस्साच कामात आणतात. वारा आणि रस्त्याचे घर्षण वेगळेच. तीन-चार ज्वारीच्या भाकऱ्यांइतकी ही ऊर्जा आहे. म्हणून घाटाखाली पोटभर जेवून चढायला लागण्यापेक्षा दर पाऊण तासाला गूळ-शेंगदाणे, केळे, धपाट्याचा तुकडा असे थोडे-थोडे खाणे उपयोगी. पाणी ताशी अर्धा ते एक लिटर, सोबत मीठ-साखर. सामानातील प्रत्येक किलो कमी केला की चढ तेवढा हलका होतो.

चढण्याहून उतरणे धोक्याचे. सतत दाबून धरलेले ब्रेक तापतात आणि पकड कमी होते. वळणाआधीच वेग कमी करावा, दोन्ही ब्रेक आळीपाळीने दाबावेत-सोडावेत आणि आंधळ्या वळणावर घंटी वाजवावी. समोरून एसटी येत असो वा रानडुकरांचा कळप, चाहूल दिलेली बरी.

आणखी एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. रोज पन्नास किलोमीटर सायकल चालवणाऱ्याचे पायही डोंगर उतरताना हार मानतात. सायकलमध्ये मांडीचे स्नायू आखडत काम करतात, तर उतरताना तेच स्नायू ताणले जात असताना वजन तोलतात. त्याची सवय नसेल तर दुखणे त्याच दिवशी न जाणवता एक ते तीन दिवसांनी वाढते. किल्ला उतरून दुसऱ्या दिवशी घाटाने सायकल दामटायची, हा बेत म्हणूनच फसतो. आधी महिनाभर जिने किंवा टेकडी उतरण्याचा सराव आणि चढाईनंतर एक दिवस विश्रांती, हे दोन्ही हवे.

दोघेच असताना कोणती काळजी घ्यावी?

जोडप्याच्या प्रवासात सर्वांत मोठी अडचण संख्येची असते. चौघांपैकी एक पडला, तर एक जण त्याच्याजवळ थांबतो आणि दोघे मदत आणायला जातात. दोघांपैकी एक पडला, तर दुसऱ्याला सोबत थांबायचे की मदतीला धावायचे, यातून निवड करावी लागते. मेळघाटात आणि किनवटच्या आतल्या भागांत अनेक ठिकाणी मोबाइलला नेटवर्क नसते. म्हणून घरी एका व्यक्तीकडे मार्ग, मुक्काम आणि ‘अमुक वेळेपर्यंत फोन आला नाही तर कळवा’ ही वेळ लिहून द्यावी. पायवाटेवर गावातील माहीतगार घेतला की दोघांचे तिघे होतात. त्याचे पैसे वाचवणे हा सर्वांत महागडा काटकसरीचा मार्ग आहे.

दोघांची चाल क्वचितच सारखी असते. वेगवान जोडीदार पुढे निघून वळणापलीकडे वाट पाहतो, हे शहरात चालते, जंगलात नाही. हळू चालणाऱ्याने पुढे राहावे, दुसऱ्याने मागे. दोघांतले अंतर नजरेआड होऊ देऊ नये. परतायचे कधी, हेही निघण्याआधीच ठरवावे. दुपारी दोनला जिथे असू तिथून मागे फिरायचे, असे ठरलेले असले की ‘आता एवढ्यात आलोच आहोत’ या वादाला जागा राहत नाही. दोघांपैकी एकाने ‘पुरे’ म्हटले की पुरे, हा नियम दोघांनी पाळला तर प्रवासही टिकतो आणि संसारातली शांतताही.

वैद्यकीय मदतीसाठी १०८, पोलिसांसाठी ११२ आणि वन्यप्राण्यांबाबत वन विभागाची १९२६ ही क्रमांकांची यादी मोबाइलबरोबर कागदावरही असावी. सर्पदंश झाल्यास चिरा मारणे, रक्त चोखणे टाळावे. दंश झालेला अवयव हलू न देता सरळ रुग्णालय गाठावे.

जावे कधी आणि पुढे काय व्हायला हवे?

पावसाळ्यात, साधारण जुलै ते सप्टेंबर, राज्यातील व्याघ्र प्रकल्पांचा गाभा पर्यटकांना बंद असतो. मार्चपासून मराठवाडा-विदर्भात पारा चढतो, एप्रिल-मेमध्ये चाळिशीपार जातो. तेव्हा भर दुपारी सायकल चालवणे उष्माघाताला निमंत्रण आहे. त्यामुळे नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच सुरक्षित काळ. सहस्रकुंड मात्र पाऊस सरता-सरता, पाणी भरलेले असताना पाहण्यासारखे. तेव्हा निसरड्या खडकांवर उतरण्याचा मोह टाळावा लागतो.

धोरणाचा प्रश्न यापुढचा आहे. गाभ्यात सायकलला मुभा द्यावी, ही मागणी टिकणारी नाही. पण अभयारण्यांच्या कडेने, बफर क्षेत्रांत आणि माहूर-किनवटसारख्या वनपट्ट्यांत आखलेल्या, फलक लावलेल्या, ठराविक वेळेत खुल्या आणि स्थानिक वाटाड्यासह चालणाऱ्या पायवाटा करता येतील. त्यातून गोंड, कोलाम, आंध वस्त्यांतील तरुणांना रोजगार मिळेल आणि जंगल टिकण्यात गावाचा वाटा राहील. आज परवानगी नेमकी कुठे, कोणाकडे मागायची हेच सामान्य पर्यटकाला कळत नाही. परिणामी काही जण निघतच नाहीत, तर काही न विचारता आत शिरतात. दुसरा प्रकार प्राण्यांना आणि माणसांना, दोघांनाही महागात पडू शकतो.

तोवर नांदेड-लातूरच्या जोडप्याने पहिल्या वर्षी माहूर, दुसऱ्या वर्षी चिखलदरा आणि त्यानंतर हिमालय, असा क्रम ठेवणे शहाणपणाचे. प्रत्येक ठिकाणी सायकल फाटकाबाहेर ठेवावी, नोंदवहीत दोघांची नावे लिहावीत आणि वाटाड्याच्या मागून चालावे. संध्याकाळी बाहेर पडताना त्याच नोंदवहीत परतीची वेळ लिहायला विसरू नये. ती नोंद राहिली, तर वनरक्षकाला अंधारात जंगलात शोधायला निघावे लागते.